मासे खाईनात? चुना टाकायच्या आधी दुपारचं पाणी तपासा



माझ्या दुकानात माशांचं खाद्यही मिळतं. तुम्ही जास्त गोण्या नेल्या तर फायदा माझाच. तरी सांगतोय, खाद्य कमी टाका.

हिशोब बघा. २५ किलोच्या गोणीत २८ टक्के प्रोटीन, म्हणजे ७ किलो. त्यात किलोभर नायट्रोजन. माशाच्या अंगी लागतो त्यातला पाव, फार तर एक तृतीयांश. बाकीचा, धरा पाऊण किलो, पाण्यात जातो, बहुतेक कल्ल्यांतून अमोनिया होऊन. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं भरलं तर साधारण २० लाख लिटर. पण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात एप्रिलमध्ये भरलेलं तळं कुणाकडं असतं? डाळिंबाला ड्रिपनं पाणी देऊन ते निम्म्यावर येतं. मासे तेवढेच, पाणी अर्धं.

मी स्वतः इथंच फसलो. पहिल्या वर्षी रोज सकाळी पाणी तपासायचो, किटचा रंग बघून खूश. मासे मात्र खाद्याला तोंड लावेनात, वजन वाढेना. कारण खेळ पीएचचा आहे. ३० अंश तापमानात पीएच ७ असेल तर अमोनियाचा एक टक्कासुद्धा विषारी रूपात नसतो. पीएच ९ झाला की जवळपास निम्मा! आणि शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून दुपारीच पीएच चढतो. बाहेर अमोनिया वाढला की माशाला आतला टाकता येत नाही. कल्ले खराब होतात, भूक जाते, रोग धरतात. मरायच्या आधी तो तुमचं खाद्य वाया घालवतो, तोटा तिथंच सुरू होतो.

आता गावोगाव मिळणारा सल्ला: "मासे वर येऊन तोंड उघडायला लागले, चुना टाका." अहो, चुन्यानं पीएच अजून वाढतो! अमोनिया असेल तर तुम्ही स्वतःच विष कालवताय. आधी किट लावा, दुपारी तीन-चारला. अमोनिया आणि पीएच, दोन्ही. जास्त दिसला तर त्या दिवशी खाद्य बंद. तळातलं पाणी उपसून बागेला द्या, झाडांना तो नायट्रोजन चालतो, आणि विहिरीतून ताजं घ्या. विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसेल, तर बोटुकली सोडतानाच कमी सोडा.

पुढच्या गोणीचे पैसे काढायच्या आधी किटचे काढा. माझ्याकडून घ्या नाहीतर दुसरीकडून.