सुटलेल्या गोळीचा जाब

पोलीस ठाण्याच्या शस्त्रागारातून शिपायाच्या हाती बंदूक सोपविली जाते तेव्हा तिच्यासोबतच्या प्रत्येक काडतुसाची दप्तरी नोंद होते. बंदोबस्त आटोपून तो परतला म्हणजे उरलेली काडतुसे मोजून घेतली जातात, आणि एखादे उडाले असेल तर त्याची रिकामी पुंगळी जमा करावी लागते. पुंगळी गहाळ झाली तर शिपायाला लेखी खुलासा द्यावा लागतो, आणि तो समाधानकारक नसेल तर शिक्षाही भोगावी लागते. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली ही शिस्त योग्यच आहे. सरकारी दारूगोळ्याचा एक कणही बेहिशेबी असता कामा नये. परंतु पितळेच्या पुंगळीविषयी इतके दक्ष असणारे शासन, तीच गोळी बेफिकिरीने हाताळलेल्या शस्त्रातून सुटून एखाद्या निरपराध देहात शिरली असता, तिचा हिशेब खात्याच्या चार भिंतींआड, निलंबनाच्या एका हुकुमाने आणि वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या विभागीय चौकशीने उरकू पाहते, ही विसंगती यापुढे चालू देणे कोणत्याही सुसंस्कृत राज्यास शोभणारे नाही.

भिवंडीच्या नागरिकांनी हा प्रश्न उचलून धरावा, यास सबळ कारण आहे. दिनांक ७ मे १९७० रोजी या शहरात जी दंगल उसळली, तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या वर्तनावर जे कठोर ताशेरे ओढले, ते आजही प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याने वाचावेत असे आहेत. त्यानंतर १९८४ साली हे शहर पुन्हा होरपळले. दिनांक ५ जुलै २००६ रोजी कब्रस्तानालगतच्या जागेवरील पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून क्षोभ उसळला, पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मृत्युमुखी पडले, आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांची निर्घृण हत्या केली. त्या चारही घरांतील शोक आम्ही एकाच मापाने मोजतो. ज्याच्या अंगावर खाकी होती त्याचे मरण आणि ज्याच्या अंगावर नव्हती त्याचे मरण यांत भेद करणाऱ्यास कायद्याच्या राज्याविषयी बोलण्याचा अधिकार नाही.

शहराची रचना लक्षात घेतली म्हणजे या विषयाचे गांभीर्य अधिकच जाणवते. शांतीनगर, निजामपुरा, भोईवाडा या वस्त्यांतील गल्ल्यांतून समोरासमोर आलेल्या दोन हातगाड्यांस एकमेकींना वाट देणे कठीण जाते. एका बाजूस पत्र्याच्या भिंतींचे यंत्रमागाचे कारखाने, दुसऱ्या बाजूस त्याच पत्र्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबे, आणि मागांचा खडखडाट असा की बाहेर गोळी उडाली तरी आत धोट्याकडे लक्ष लावून उभ्या असलेल्या कामगाराला तिचा आवाज ऐकू येणार नाही. रायफलची गोळी पत्र्याने थांबत नाही. मोकळ्या माळावर जी चूक केवळ धूळ उडवील, तीच चूक येथे पाळण्यातील मुलाचा जीव घेऊ शकते. म्हणून या शहरात शस्त्र घेऊन वावरणाऱ्या प्रत्येक पोलिसाकडून अधिक सावधगिरीची अपेक्षा करण्याचा आम्हांस हक्क आहे.

आता नजीकच्या काळातील एका प्रकरणाकडे वळू. बदलापूर येथील शाळेतील बालिकांवरील अत्याचार प्रकरणाच्या आरोपीस २३ सप्टेंबर २०२४ रोजी तळोजा कारागृहातून नेले जात असता मुंब्रा बाह्यवळणाजवळ पोलिसांच्या गाडीतच तो गोळी लागून ठार झाला. हे पथक आमच्याच ठाणे पोलीस आयुक्तालयाचे होते. आरोपीने एका सहायक पोलीस निरीक्षकाचे पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, त्यांतील एक त्या अधिकाऱ्याच्या मांडीत घुसली, म्हणून स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर द्यावे लागले, असे पोलिसांचे कथन आहे. दोनच दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने पिस्तूल कुलूपबंद का नव्हते, इतक्या गंभीर गुन्ह्यातील आरोपीस नेताना इतका हलगर्जीपणा कसा झाला, असे प्रश्न विचारले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने गाडीतील पाच पोलिसांस या मृत्यूस जबाबदार धरले. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला, आणि त्या आदेशातील पथकाच्या नेमणुकीचा भाग सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात बदलला. त्या आरोपीवरील आरोप किळस आणणारा होता, यात शंका नाही. त्या बालिकांना न्याय भर न्यायालयात, पुराव्याच्या उजेडात मिळावयास हवा होता, आणि तो आता कधीच मिळणार नाही.

गोळी हेतुपुरस्सर झाडली गेली किंवा कसे, याचा निर्णय न्यायसंस्था करील. त्याविषयी आम्ही मतप्रदर्शन करीत नाही. परंतु आमचा मुद्दा निराळा आहे, आणि तो कोणत्याही निर्णयाची वाट पाहत नाही. पोलिसांचे कथन अक्षरशः सत्य मानले, तरीसुद्धा त्या कथनातूनच एक अपराध निष्पन्न होतो. कैद्याच्या शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याचे पिस्तूल त्याच्या हाती लागू शकेल अशा अवस्थेत होते, हे पोलीसच सांगतात. म्हणजे खोटेपणाचा आरोप टाळण्यासाठी जो बचाव पुढे केला जातो तो स्वतःच बेपर्वाईची कबुली ठरतो. आणि त्या बेपर्वाईचा स्वतंत्र जाब विचारण्याची पद्धत आपल्या व्यवस्थेत रुळलेलीच नाही.

केवळ हयगयीने काय घडते, याचे विदारक उदाहरण अलीगढच्या एका पोलीस ठाण्यात पाहावयास मिळाले. दिनांक ८ डिसेंबर २०२३ रोजी पारपत्राच्या पडताळणीसाठी मुलासह आलेली एक स्त्री तेथे उभी होती. एका कर्मचाऱ्याने उपनिरीक्षकाच्या हाती पिस्तूल दिले, त्याने ते उभ्या उभ्या हाताळले, आणि सुटलेली गोळी तिच्या डोक्यात शिरली. काही दिवसांनी ती मरण पावली. छायाचित्रण यंत्रात हा प्रसंग टिपला गेला नसता तर त्याची कोणती हकीकत कागदावर आली असती, या विचाराने मन अस्वस्थ होते.

अशा घटनांना पोलीस खाते अपघात म्हणते. वस्तुतः इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणाऱ्या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये १३ गोळ्या मावतात, आणि मॅगझीन काढून घेतले तरी एक गोळी चेंबरमध्ये शिल्लक राहू शकते, हे प्रत्येक भरती झालेल्या शिपायास पहिल्या पाठातच शिकविले जाते. आधी मॅगझीन काढावे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहावे, बोट चापापासून दूर ठेवावे, आणि हे सर्व होईपर्यंत नळीचे तोंड माणसाकडे वळू देऊ नये, एवढाच हा विधी आहे. वाळूने भरलेल्या एका पेटीकडे नळी रोखून शस्त्र रिकामे करण्याची सोय ठाण्याच्या शस्त्रागाराबाहेर करण्यास खर्चही नगण्य. ज्या आपत्तीचा प्रतिबंध इतका सुलभ आणि सर्वश्रुत आहे, ती घडल्यावर तिला दैवाधीन ठरविता येत नाही.

कायद्याची स्थिती काय आहे? हयगयीने मृत्यू घडविल्यास जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत कारावास होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती मर्यादा पाच वर्षांपर्यंत वाढविली आहे. बेदरकार कृत्याने कोणास इजा न होता केवळ जीवित धोक्यात आले असेल तर कलम १२५ लागू होते. तरतुदी आहेत, त्या पोलिसांच्या बाबतीत वापरण्याची इच्छा नाही. परवानाधारक नागरिकाच्या हातून गोळी उडाली तर शस्त्र अधिनियमाचा बडगा त्याच्यावर तत्काळ उगारला जातो. तोच अधिनियम आपल्या कलम ४५ अन्वये कर्तव्यावरील लोकसेवकास आपल्या कक्षेतून वगळतो. याहून गंभीर अडसर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ चा आहे. कर्तव्याच्या आवरणाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला किंवा दावा सहा महिन्यांच्या आत भरला पाहिजे, आणि राज्य शासनाची पूर्वमंजुरी मिळाली तरच खटल्यापुरती ती मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते, अशी ही १९५१ ची तरतूद आहे. न्यायालयांनी तिचा अर्थ कितीही संकोचून लावला तरी, यंत्रमागावर रोजंदारी करणाऱ्या मयताच्या विधवेने सहा महिन्यांच्या आत शवचिकित्सेचा अहवाल, पंचनाम्याची नक्कल आणि वकील ही तिन्ही मिळवून न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा, ही अपेक्षा निष्ठुर आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने खटल्याच्या मंजुरीवर १२० दिवसांत निर्णय न झाल्यास ती मिळाली असे मानण्याची तरतूद केली, हे स्वागतार्ह. पण तेवढ्याने ही तटबंदी ढासळत नाही.

हेतुपुरस्सर झाडलेल्या गोळीचाही जाब किती दुर्मीळ आहे, ते पाहावे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरविला. तुकडीच्या प्रमुखास सत्र न्यायालयात शिक्षा झाली ती मे २००९ मध्ये, बारा वर्षांनी, आणि लवकरच अपिलात तो जामिनावर सुटला. हेतूची चर्चा जेथे दशकभर चालते तेथे हयगयीकडे कोण लक्ष देणार? याउलट, न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०१४ मध्ये एक नवखा शिपाई अंधाऱ्या जिन्यात हातात उपसलेले पिस्तूल घेऊन गस्त घालत असताना त्यातून गोळी सुटली, ती भिंतीवर आदळून एका निःशस्त्र तरुणास लागली व तो मरण पावला. त्या शिपायास कारावास झाला नाही, आणि आम्हांसही त्याचा आग्रह नाही. परंतु ज्यूरीसमोर उघड खटला चालला, त्याच्या माथी अपराध कायमचा नोंदला गेला, नोकरी गेली. दीड वर्षाच्या आत हे सर्व झाले.

येथे पोलिसांची बाजूही तितक्याच कळकळीने मांडली पाहिजे. सणासुदीच्या दिवसांत वंजारपट्टी नाक्यावर बारा-बारा, चौदा-चौदा तास उभा असलेला शिपाई आमच्या रोजच्या पाहण्यातला आहे. प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडल्यावर प्रत्यक्ष गोळी झाडण्याचा सराव त्यास क्वचितच मिळतो. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने शस्त्रे, दारूगोळा आणि सराव यांतील उणिवांवर नेमके बोट ठेवले होते. मग जाब केवळ चापावरील बोटाला का विचारावा? जयपूर-मुंबई गाडीत ३१ जुलै २०२३ च्या पहाटे चौघांची हत्या केल्याचा आरोप ज्या रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायावर आहे, त्याने त्या रात्री प्रकृती ठीक नसल्याचे सांगितले होते, असे त्याच्या सहकाऱ्याच्या जबानीत आहे. तरीही भरलेली रायफल पुन्हा त्याच्या हाती गेली. शस्त्र कोणी दिले, ते घेणाऱ्याची शारीरिक व मानसिक पात्रता कोणी तपासली, सराव झाल्याची खोटी नोंद कोणी केली, हे प्रश्न फौजदारापासून उपायुक्तापर्यंत वर चढले पाहिजेत. जबाबदारी शिपायाच्या माथी मारून वरिष्ठांनी हात झटकावेत, हा प्रकार आम्हांस अन्यायाइतकाच तिटकारा आणणारा वाटतो.

या शहराने पोलिसांशी सख्य जोडण्याचा मार्गही देशास दाखविला आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वस्तीतील माणसे व ठाण्यातील अंमलदार एकत्र बसू लागले. आणि डिसेंबर १९९२ ते जानेवारी १९९३ या काळात शेजारची मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. ज्या पोलिसास नागरिक नावाने ओळखतो व ज्याच्या चुकीचा उघड निवाडा होतो, त्याच्या हातातील बंदुकीची धास्ती वाटत नाही. त्या समित्यांपुढे ठाणेनिहाय शस्त्र-सरावाची माहिती दर वर्षी ठेवण्यास कोणत्याही गोपनीयतेची बाधा येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी, म्हणजे मुंब्र्याच्या घटनेपूर्वी बरोबर दहा वर्षे, चकमकीतील मृत्यूंसाठी जे निर्देश दिले, त्यांत गुन्हा नोंदविणे, स्वतंत्र तपास आणि संबंधित पोलिसाने आपले शस्त्र न्यायवैद्यक तपासणीसाठी स्वाधीन करणे यांचा समावेश आहे. हेच निर्देश पोलिसाच्या शस्त्रातून अनवधानाने सुटलेल्या प्रत्येक गोळीस, कोणास इजा झालेली असो वा नसो, शासनाने नियमाने लागू करावेत. तपास त्या आयुक्तालयाबाहेरील अधिकाऱ्याकडे असावा. सन २०१४ च्या दुरुस्तीने स्थापन झालेल्या पोलीस तक्रार प्राधिकरणाच्या कक्षेत ही बाब स्पष्ट शब्दांत घालावी. कलम १६१ मधील सहा महिन्यांची मुदत मृत्यू वा गंभीर इजेच्या प्रकरणांपुरती रद्द करणारे विधेयक विधिमंडळाच्या आगामी अधिवेशनात मांडण्याचे काम भिवंडीच्या आमदारांनी पक्षभेद बाजूस सारून अंगावर घ्यावे. आणि मयताच्या वारसांस द्यावयाच्या भरपाईचा आदेश फौजदारी निकालाची वाट न पाहता निघावा, व रक्कम केव्हा जमा होणार ती तारीख त्या आदेशातच लिहिलेली असावी.