गाडी नाकारण्याचा हक्क द्या, मग जबाबदारी मागा

30 एप्रिल 2024 रोजी चांदवडजवळच्या राहूड घाटात एसटी बस आणि ट्रकची धडक झाली. किमान चार माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. बसचा टायर फुटल्याचं त्या दिवशीच्या बातम्यांत आलं. दोष कुणाचा, हे ठरवणं चौकशीचं काम आहे, माझं नाही. पण अशा प्रत्येक अपघातानंतर आमच्याकडे पहिला प्रश्न एकच विचारला जातो: ड्रायव्हर काय करत होता? टायर कधी बदलला होता, सकाळी गाडी कोणी तपासली, ती रस्त्यावर काढायला कोणी सांगितलं, हे विचारायला कुणाला सवड नसते. मला या सवयीची चीड आहे.

मालकाची किंवा महामंडळाची गाडी नोकराने जपलीच पाहिजे, यावर माझा वाद नाही. हवा, ऑइल, पाणी, ब्रेक आणि स्टेपनी न बघता स्टार्टर मारणारा ड्रायव्हर मला जवळ उभासुद्धा करवत नाही. डिझेल वाचवण्यासाठी राहूडचा उतार न्यूट्रलमध्ये उतरणारे आहेत. गिअर काढला की इंजिनाचा अटकाव संपतो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ऐन वळणावर पाय दाबूनही गाडी थांबत नाही. कांद्याने भरलेला ट्रक असा उतरवणारा माणूस समोरून येणाऱ्या दुचाकीवरच्या कुटुंबाचा जीव पणाला लावतो. त्याला माफी नको.

पण तो न्यूट्रल का करतो? शेठ रोज रात्री डिझेलचा हिशोब मागतो म्हणून. ॲव्हरेज कमी आलं तर फरक पगारातून कापतो म्हणून. गाडीचे पाटे गेलेत, टायर घासून गुळगुळीत झालेत, असं ड्रायव्हर आठवडाभर सांगतो आणि उत्तर मिळतं, ‘भाऊ, कांद्याचा सीझन आहे, आजचा दिवस काढ.’ तो ‘आजचा दिवस’ सीझन संपेपर्यंत चालतो. मग रस्त्यात क्लच प्लेट जळाली की तिचे पैसे कुणाच्या नावावर? ड्रायव्हरच्या. माझ्या ओळखीच्या एका पिकअप चालवणाऱ्या पोराचा पगार असाच कापला गेला. गाडी त्याच्या हाती आली तेव्हाच क्लच घसरत होता आणि त्याने ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लेखी काहीच नव्हतं, म्हणून तो खोटा ठरला.

ही कापाकापी कायद्यात बसत नाही. 1936 च्या वेतन कायद्यापासून नियम स्पष्ट आहे: ताब्यात दिलेल्या वस्तूचं नुकसान थेट कामगाराच्याच हलगर्जीमुळे झालं असेल तरच कपात, तीही त्याला बाजू मांडायची संधी दिल्यावर आणि झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त नाही. 2019 च्या वेतन संहितेनेही हेच तत्त्व ठेवलं आहे. जुना क्लच झिजून गेला तर ती झीज आहे, हलगर्जी नव्हे. झिजेचा खर्च धंद्याचा असतो. नफा वाटताना ड्रायव्हरला बोलावत नाहीत, मग झिजेचं बिल त्याच्या घरी कशाला?

मोटार वाहन कायद्याचं कलम 190 तर आणखी सरळ आहे. धोकादायक दोष असलेली गाडी चालवणारा जसा दोषी, तसाच ती चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही दोषी. दोष माहीत असणं हीच एक अट नाही, साधी काळजी घेतली असती तर कळला असता एवढंही पुरतं. कायद्याने दोघांना एका ओळीत उभं केलं आहे. आपण मात्र एकालाच पकडतो, कारण तो जागेवर सापडतो. कित्येकदा तो तिथे मरून पडलेला असतो.

एसटीचंही वेगळं नाही. 8 डिसेंबर 2022 ला नाशिक-पुणे महामार्गावर पळसे इथे एसटीचे ब्रेक निकामी झाल्याचं सांगितलं गेलं. दोन दुचाकीस्वार गेले, बस जळाली. 2023 च्या पावसाळ्यात गडचिरोलीत छताचा पत्रा वाऱ्यावर फडफडत असलेली एसटी प्रवाशांना घेऊन धावताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. त्या व्हिडिओनंतर यंत्र विभागाच्या अधिकाऱ्यावर निलंबनाची कारवाई झाली. चित्रीकरण झालं नसतं तर? फाटलेल्या छताची गाडी आगाराच्या फाटकातून आपोआप बाहेर पडत नाही. कुणीतरी ती ड्युटीला लावतं. चालकाने लॉगशीटवर दोष लिहायचे, ही त्याची जबाबदारी आहेच. पण लिहिलेला दोष न काढता तीच गाडी पुन्हा त्याच्याच हातात दिली आणि त्याने नकार दिला, तर फेरी रद्द केल्याचा ठपका त्याच्यावर येणार. रस्त्यावर अपघात आणि आगारात चार्जशीट, यातून त्याने काय निवडायचं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते चांदवडच्या बाजार समितीत गाड्या लावणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला, प्रत्येक वाहतूकदाराला आणि एसटीच्या प्रत्येक आगाराला उद्देशून आहे. चालकाने सांगितलेला दोष लिहून घ्या आणि त्याची एक प्रत त्याच्याकडे राहू द्या. दोष न काढता गाडी काढायची असेल तर काढायला लावणाऱ्याने खाली स्वतःचं नाव लिहून सही करावी. सही करायची हिंमत नसेल तर गाडी उभी ठेवा. आणि ड्रायव्हर भावांनो, लेखी दिल्याशिवाय खराब गाडीची किल्ली घेऊ नका. एकट्याने नाही म्हटलं तर नोकरी जाईल. स्टँडवरच्या, मार्केटमधल्या सगळ्यांनी मिळून नाही म्हणा.