दुकान सोडायचं असेल तर शेठला आत्ताच सांगा

हरभरा घरात आला, उन्हाळी सोयाबीनला पाणी चालू आहे. थोडी सवड आहे म्हणून आज पिकाबद्दल नाही, पोरांबद्दल लिहितो.

बी.एस्सी. ॲग्री नाहीतर डिप्लोमा झालेली, घरी पाच-सात एकर असलेली किती तरी पोरं तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात अर्धा दिवस काम करतात. सकाळी शेत, दुपारी काउंटर. ठरलेले पैसे मिळतात, औषधांची माहिती होते, चार गावची माणसं ओळखीची होतात. काम चांगलं आहे. पण घरचा कर्ता माणूस थकला, बागायत वाढली किंवा दुसरीकडे नोकरी लागली की ते सोडावं लागतं. आणि सोडताना बऱ्याचदा बिघडतं. मृगाला आठ दिवस असताना व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, 'शेठ, उद्यापासून जमणार नाही'. मग फोन बंद. तिकडे शेठ चिडतो आणि शेवटचा पगार अडकवतो. दोघंही एकाच बाजाराला जाणारे, पण पुढे दोन वर्षं एकमेकांना बघून रस्ता बदलतात.

माझ्या मते गोड बोलणं दुय्यम आहे. वेळ बरोबर निवडली आणि हिशोब चोख दिला तर चार शब्द कमी बोललात तरी चालतं.

वेळ म्हणजे हीच. ३१ मार्चला दुकानाचा साठा मोजला जातो, वह्या बंद होतात. मेच्या मध्यापासून बियाण्याच्या गाड्या लागतात आणि तिथून पोळ्यापर्यंत दुकानदाराला जेवायला फुरसत नसते. म्हणजे मार्चएंड ते अक्षय तृतीया एवढीच फट. आता सांगितलं तर त्याला दुसरा माणूस शोधून, शिकवून घ्यायला दीड-दोन महिने मिळतात.

जुन्या लोकांना हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. आपल्या मराठवाड्यात सालगड्याचं साल पाडव्याला सुटतं आणि पाडव्यालाच लागतं, खानदेशात आखाजीला. शेतात काम कमी असतं तेव्हाच माणूस बदलायचा, असा तो हिशोब. त्या पद्धतीचं मी कौतुक करत नाही. उचल फिटली नाही म्हणून सोडून जाता न आलेले गडी आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण तारीख मात्र त्यांनी नेमकी धरली होती.

सांगायचं ते तोंडावर. गिऱ्हाईक समोर उभं असताना नाही आणि शेठच्या भावाकडून निरोप धाडूनही नाही. दुपारी दोन-तीनला दुकान रिकामं असतं तेव्हा बसा आणि म्हणा, 'शेठ, पाडव्यानंतर माझं जमणार नाही. वडिलांच्यानं आता शेत होत नाही. मार्चएंडचा साठा मी लावून देतो, नवा माणूस आला की पंधरा दिवस दाखवतो.' एवढं पुरे. कारण एकच द्या आणि खरं द्या. आजी आजारी असल्याचं सांगितलं तर गावात ते संध्याकाळपर्यंत उघडं पडतं, आजी ओट्यावर लसूण सोलत बसलेली असते.

मनात राग असेल, सुट्टीवरून नाही तर पगारावरून, तर तो त्या बैठकीत काढू नका. पगार मात्र सोडू नका. विनम्रपणे सोडायचं म्हणजे हक्काचे पैसे सोडायचे असं नाही. त्याच दिवशी विचारा, 'माझा हिशोब किती तारखेला करू या?' आणि वहीत दोघांच्या समोर तो लिहून घ्या.

आता खरी अवघड गोष्ट, ताबा देणं. चाव्या दिल्या म्हणजे झालं असं पोरांना वाटतं. खताचा पॉस मशीनमधला साठा आणि गोदामातल्या गोण्या जुळल्या पाहिजेत. फरक निघाला तर नोटीस दुकानदाराला येते आणि बोट तुमच्याकडे दाखवलं जातं. मुदत संपत आलेल्या बाटल्या वेगळ्या काढून दाखवा. उधारीची वही नावानिशी वाचून द्या, कोणी सोयाबीन विकल्यावर देतो म्हटलंय, कोणाचा वायदा तुरीवर आहे. हल्ली आणखी एक झालंय, गिऱ्हाईक पोराच्याच फोन पेवर पैसे टाकतं. ते सगळे व्यवहार तारखेसह काढून शेठला दाखवा आणि 'इथून पुढे दुकानाच्या कोडवरच टाका' असं त्या लोकांना कळवा. निम्मी भांडणं मला इथेच झालेली दिसतात, आणि त्यात पोरगा प्रामाणिक असला तरी सिद्ध करत बसावं लागतं.

दिलेले शब्दही ताब्यातच येतात. एखाद्याला 'दहा बॅगा डीएपी ठेवतो' म्हटलं असेल, कोणाला गेल्या हंगामात कोणतं तणनाशक दिलं आणि पीक का पिवळं पडलं हे फक्त तुम्हाला माहीत असेल, तर ते नव्या माणसाला लिहून द्या. शेतकऱ्याने विश्वास तुमच्यावर ठेवला होता, शटरवर नाही.

आणि गिऱ्हाइकांचे नंबर घेऊन समोरच्या दुकानात बसू नका. तुमच्या ओळखीचा माणूस आपणहून आला तर गोष्ट वेगळी. पण उधारीची वही मोबाईलमध्ये फोटो काढून नेणं याला मी चोरीच म्हणतो.

मी स्वतः तीन वर्षं असं अर्धा दिवस दुकान केलं आणि चैत्रात सोडलं. आजही बियाणं तिथूनच घेतो, अडचणीच्या दिवसात उधारही मिळतं.

दुकानदार मंडळींनाही सांगणं आहे. पोरगं सांगून, वेळ देऊन जात असेल तर त्याला काउंटरवर चारचौघांत टोमणे मारू नका. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली असतील तर परत द्या. महिन्याचा पगार 'डिपॉझिट' म्हणून दाबून ठेवलात तर पुढचं पोरगं तुम्हाला न सांगताच जाईल.

प्रमाणपत्राचा विषय निघालाच आहे तर, कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला कृषी किंवा तशा विषयात शिकलेला माणूस लागतो. दुकानदार स्वतः शिकलेला नसेल तर पोराची पदवी लावली जाते. नोकरी सुटते, नाव कागदावर तसंच राहतं. उद्या त्या दुकानात बोगस औषध सापडलं तर विचारणा तुमच्याकडेही येऊ शकते. म्हणून सोडताना साधं पत्र लिहा, अमुक तारखेपासून मी इथे काम करत नाही. एक प्रत शेठला, एक परवाना ज्या कार्यालयातून निघाला तिथे, आणि पोच घेऊन घरी ठेवा. शेठला हे आधी सांगा, मागून कळवू नका. परवान्यावर दुसऱ्याचं नाव चढवायला त्यालाही दिवस लागतात, आणि ते काम जूनमध्ये होत नाही.