जुनी आवृत्ती, ताजे शुद्धिपत्र

१/८
वाकड आणि शेजारच्या हिंजवडीतील संगणक-उद्योगाचे कित्येक सर्व्हर लिनक्सवर चालतात. सुरक्षा-तपासणीच्या वेळी अशा सर्व्हरविषयी एक प्रश्न हमखास येतो: "आवृत्तीचा क्रमांक इतका जुना कसा?" प्रश्न तंत्रज्ञानाचा भासतो, उत्तर मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक लवकर उमगेल. #थ्रेड

२/८
ग्रंथ छापून झाल्यावर चूक आढळली, तर प्रकाशकापुढे दोन वाटा असतात: नवी आवृत्ती काढणे किंवा त्याच आवृत्तीला शुद्धिपत्र जोडणे. नव्या आवृत्तीत चूक जाते, पण पृष्ठांक हलतात आणि जुने संदर्भ निरुपयोगी ठरतात. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेले डेबियन हे लिनक्स वितरण आपल्या स्थिर आवृत्तीसाठी शुद्धिपत्राची वाट धरते.

३/८
स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली की तिच्यातील पॅकेजांचे क्रमांक सहसा गोठतात. पुढे मूळ प्रकल्पाने केलेली दुरुस्ती तेवढी वेचून जुन्या पॅकेजात बसवली जाते, हाच बॅकपोर्ट. सुरक्षेची दुरुस्ती सूचनापत्रासह तातडीने येते. इतर गंभीर दोषांच्या दुरुस्त्या साठवून साधारण दोन महिन्यांनी एकत्र दिल्या जातात.

४/८
७ एप्रिल २०१४. ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा दोष जाहीर झाला. मूळ प्रकल्पाने १.०.१जी ही नवी आवृत्ती काढली. डेबियन ७ ने त्याच दिवशी दुरुस्ती दिली, पण क्रमांक १.०.१ई हाच राहिला. पुढचे शेपूट तेवढे 'डेब७यू५' झाले. केवळ क्रमांक पाहणाऱ्याला सुरक्षित सर्व्हरही सदोष भासला असता.

५/८
नवे ते सुरक्षित, हा समज २९ मार्च २०२४ रोजी उघडा पडला. एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघडकीस आणला. डेबियनच्या चाचणी शाखेत तो शिरला होता. स्थिर शाखेत नव्हता.

६/८
शुद्धिपत्रही चुकू शकते. २००६ मध्ये डेबियनने ओपनएसएसएलमध्ये स्वतः केलेल्या बदलामुळे गुप्त किल्ल्यांची यादृच्छिकता जवळजवळ नष्ट झाली; १३ मे २००८ रोजी ते जाहीर झाले. शुद्धिपत्रे कायम मिळतात असेही नाही: डेबियन ७ ची दीर्घ मुदतीची देखभाल ३१ मे २०१८ रोजी संपली.

७/८
हा विषय महाराष्ट्रापासून दूरचा नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय संगणक-प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. अशा आधारित वितरणात मूळ दुरुस्ती वापरकर्त्यापर्यंत पोहोचण्यास आणखी एक टप्पा असतो. तो टप्पा किती दिवसांत पार पडतो, हा प्रश्न आवृत्तीच्या क्रमांकापेक्षा महत्त्वाचा आहे.

८/८
मुखपृष्ठावरील साल पाहून बखरीचे वय ठरवणारा अभ्यासक फसतो. तो आतील पाठ तपासतो, तेव्हाच त्याचे मत ग्राह्य ठरते. सर्व्हरलाही तोच न्याय हवा. क्रमांक नवा करण्याच्या आग्रहापायी चालती यंत्रणा मोडणे ही सुरक्षा नव्हे. आधी बदलनोंद वाचावी, देखभालीची मुदत पाहावी, मगच निवाडा द्यावा.