हाली आणि हल्ली

दर रविवारी दिवेलागणीनंतर आमच्या घरी एक खेळ रंगतो. ‘घरी’ म्हणायचे ते जुन्या सवयीने. वस्तुतः खेळणाऱ्यांपैकी निम्मी मंडळी घरात नसतातच. पुतण्या पुण्याहून, भाची न्यू जर्सीहून, नातू याच शहरातला पण गच्चीबावलीच्या आपल्या बिऱ्हाडातून, असे सारे मोबाइलच्या पडद्यावर गोळा होतात. आमच्याकडे संध्याकाळचा चहा, तर भाचीकडे सकाळचा. मध्यभागी खुर्ची असते ती आत्याची. तिचे वय एक्याण्णव.

खेळ साधाच आहे. ज्याची पाळी त्याने एक अपरिचित शब्द द्यायचा. बाकीच्यांनी त्याचा एकेक अर्थ मनाने रचून गुपचूप त्याच्याकडे धाडायचा. त्याने खरा अर्थ त्यांत मिसळून सगळे अर्थ ओळीने वाचून दाखवायचे आणि मग प्रत्येकाने खरा कोणता ते ओळखायचे. खरा ओळखला तर एक गुण. आपल्या खोट्या अर्थाला कोणी भुलले तरीही एक गुण. म्हणजे या खेळात ज्ञानाला जेवढा मान, तेवढाच थापेला!

खेळ मूळचा परदेशी. इंग्लंडात बीबीसीने 1965 साली ‘कॉल माय ब्लफ’ या नावाने तो दूरचित्रवाणीवर आणला. 1984 साली कॅनडात त्याचा ‘बाल्डरडॅश’ नावाचा पेटीतला अवतार निघाला. आंतरजालावर तर 2007 साली ‘फ्रीराइस’ नावाचा असा खेळ सुरू झाला, की दिलेल्या शब्दाचा अर्थ बरोबर ओळखला म्हणजे भुकेल्यांसाठी तांदळाचे दाणे जमा व्हावेत. मात्र आपल्याकडे कोडी, उखाणे आणि भेंड्यांवर वाढलेल्या माणसाला यात परके वाटावे असे काही नाही.

दारूगोळा पुरवतात ते आमचे जुने कोश. मोल्सवर्थसाहेबाने कँडी बंधूंच्या साहाय्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला. त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 ची. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ 1932 ते 1938 या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाने आंतरजालावर सर्वांना खुले ठेवले आहेत. ज्या ग्रंथांसाठी एके काळी संग्रहालयाची पायरी चढावी लागे, ते आता नातवाच्या खिशात असतात.

त्यातूनच एकदा ‘मुदपाकखाना’ निघाला. न्यू जर्सीने लिहिले, मुदती कर्ज देण्याची कचेरी. पुण्याने लिहिले, पाकातल्या पुऱ्यांचे दुकान. खरा अर्थ स्वयंपाकघर. अरबीतला ‘मतबख’ आमच्या दप्तरांतून हिंडता हिंडता ‘मुदबख’ झाला आणि शेवटी कोणा सुगरणीच्या हाती लागल्याप्रमाणे त्याला आपला ‘पाक’ चिकटला! ‘वैल’ निघाला तेव्हा तर तरुण मंडळींपैकी कोणालाच चुलीच्या बाजूचे ते दुसरे तोंड आठवेना. आठवणार कसे? चूलच पाहिलेली नाही. आत्या मात्र हसून म्हणाली, “अरे, आमटी उकळत ठेवायची ती वैलावरच.”

हैदराबादच्या मराठी माणसाला या खेळात एक जादा पान हाती येते, ते उर्दूचे. आमच्या शहरात एकच शब्द दोन घरांत दोन अर्थांनी नांदला. पुण्याच्या माणसाने ‘राजीनामा’ दिला म्हणजे नोकरी सोडली. इथल्या उर्दू कचेरीत राजीनामा झाला म्हणजे वादी-प्रतिवादींचा समेट झाला. आपण ‘खुलासा’ मागतो तो स्पष्टीकरणासाठी. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश. आपला ‘फाजील’ माणूस शहाणपणा मिरवणारा. त्यांचा फाजील विद्वान. आणि हा व्यवहार एकतर्फी नव्हता. इथल्या दखनी बोलीतला ‘नक्को’ आपल्या ‘नको’चा सख्खा भाऊ आहे आणि ‘ऐसाइच’, ‘वैसाइच’ यांतला ‘च’ आपल्याच घरून गेलेला आहे. देवघेव झाली ती बाजारात आणि वाड्याच्या ओसरीवर. त्यासाठी कोणी ठराव केला नव्हता.

परंतु खेळाची ही मौज सांगण्यासाठीच मी लेखणी उचललेली नाही. दोन महिन्यांपूर्वी आत्याची पाळी होती. ती कोश उघडत नाही. तिने सांगितले, “लिहा, ‘हाली’.”

कोणी लिहिले, हालअपेष्टा सोसलेली स्त्री. कोणी लिहिले, पाळण्यावर हलणारे झुंबर. मी विचार केला, ‘हल’ म्हणजे नांगर. आणि ऐटीत लिहून दिले, नांगराचा फाळ बसवण्याची खाच. माझी थाप एवढी घरंदाज दिसली, की पुण्यासह तिघे तिला भुलले. पुतण्याला कुठेसे जायचे होते. आपले मत देऊन तो पडद्यावरून निघून गेला. नंतर आत्याने खरा अर्थ सांगितला. हाली म्हणजे निजामी राज्याचा रुपया. त्यावर चारमिनारचे चित्र असे. इंग्रजी रुपया तो कलदार. सुमारे सात हाली मोजावेत तेव्हा सहा कलदार हाती यावेत. भाडे हालीत, पगार हालीत. आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्याने खिशातून कलदार काढला, की घरात त्याचा हिशेब करायला आत्याच्या वडिलांनी बसावे.

गोष्ट येथेच संपायची. पण पुतण्या गेले वर्षभर माझ्या आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्यांची नक्कल करतो आहे. गेल्या पंधरवड्यात त्याने पहिला भाग टंकून सर्व नातलगांना धाडला. 1341 फसलीच्या तीर महिन्यात, म्हणजे इंग्रजी 1932 च्या उन्हाळ्यात, आजोबांनी घरभाडे दिल्याची नोंद आहे: ‘14 हाली’. त्याखाली पुतण्याची टीप: ‘हाली — नांगराचा एक भाग. त्या काळी भाडे शेतीच्या अवजारांत देत असावेत.’ शेजारी ‘तीर’ या शब्दावरही टीप होती: ‘नदीकाठी?’

मी वाचले आणि हसलो. मग हसू ओसरले. थाप माझी होती. रविवारी एका गुणासाठी मारलेली ती थाप आता घराण्याच्या कागदांत पाहुणी म्हणून नव्हे, घरची म्हणून बसली होती. आणखी पन्नास वर्षांनी तो कागद उघडणाऱ्याला कोणाला विचारता येईल? आत्याला सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, “खोटा रुपया असता तर दुकानदाराच्या हातावर परत ठेवला असता. हा खोटा अर्थ कुठे परत करायचा?”

त्या एका वाक्याने माझी रविवारची झिंग उतरली. या खेळात थापेची गंमत वाटते, कारण खरा अर्थ जाणणारा एक तरी माणूस मांडीवर हात ठेवून समोर बसलेला असतो. तो उठून गेला, की उरलेल्यांच्या हाती अंदाजच राहतो. आणि सर्वांत डौलदार अंदाज खरा म्हणून चालू लागतो. जुन्या मोल्सवर्थाच्या कोशात सगळे मिळेल, असेही कोणी समजू नये. तो मुंबई सरकारच्या आश्रयाने झाला. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. फसली सनाचे आजूर, दय, बहमन हे महिने, इनामाच्या चौकशीनंतर मिळणारा ‘मुन्तखब’, ‘अतियात’ची कचेरी, निजामाच्या खाजगी मालकीचा ‘सर्फेखास’ मुलूख: हे शब्द आमच्या वाडवडिलांच्या तोंडी मीठमिरचीइतके होते. याच शहरात 1917 साली उस्मानिया विद्यापीठासाठी भाषांतरखाते उघडले आणि शास्त्रोशास्त्रीचे शब्द टांकसाळीतल्या नाण्यांसारखे पाडले गेले. पुढे 1948 साली संस्थान गेले, 1956 साली मराठवाडा आमच्यापासून निराळा झाला, आणि आम्ही येथे राहिलो ते आमच्या पेट्या, वह्या आणि त्यांतले शब्द घेऊन. पेट्या अजून आहेत. त्या वाचून दाखवणारे किती राहिले, ते ज्याने त्याने आपल्या घरात मोजावे.

‘हाली’ या शब्दाचा मूळ अर्थ मोठा चटका लावणारा आहे. अरबी ‘हाल’ म्हणजे वर्तमान. हाली सिक्का म्हणजे चालू नाणे. आपले ‘हल्ली’ त्याच कुळातले. ज्या नाण्याचे नावच ‘चालू’, ते चलनातून गेले आणि ‘हल्ली’ तेवढे आपल्या तोंडात राहिले. आपण मात्र हल्ली, हल्ली म्हणत हाली विसरलो.

यावर इलाज फार मोठा नाही. त्यासाठी संमेलन नको, निधी नको. प्रत्येक जुन्या घरातील वडीलधाऱ्या माणसापाशी कोणी तरी वही घेऊन बसावे. दर आठवड्याला पाच शब्द: स्वयंपाकघरातले, कचेरीतले, हिशेबातले, शिव्यांतलेसुद्धा. शब्द, अर्थ, आणि तो शेवटचा कोणाच्या तोंडून ऐकला, एवढे लिहावे. जिथे अंदाज असेल तिथे ‘अंदाज’ असे स्पष्ट लिहावे. ही अट माझ्या अनुभवाने घालतो आहे. वही भरली, की तिची एक प्रत आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या कपाटात ठेवून यावी.

आमचा खेळ चालूच आहे; फक्त एक नियम वाढला. खरा अर्थ ऐकल्यावाचून कोणी पडद्यावरून उठायचे नाही. पुतण्याने टीप दुरुस्त करून सर्वांना पुन्हा धाडली आणि खाली आत्याचे नाव घातले. गेल्या रविवारी त्याने आपणहून विचारले, “आत्याआजी, मग ‘तीर’ म्हणजे काय गं?” आत्याने बोटांवर मोजत बाराही महिने म्हणून दाखवले. या वेळी कोणीही थाप मारली नाही. सगळे लिहून घेत होते.