आई-बापाच्या खुब्यांचा एक्स-रे पिल्लासोबत द्या

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य प्राणी कल्याण मंडळ

विषय : मोठ्या जातीच्या कुत्र्यांच्या पैदाशीत खुब्यांची तपासणी



कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबद्दलचे केंद्राचे नियम २०१७ साली आले. त्या नियमांप्रमाणे राज्यातल्या प्रत्येक ब्रीडरने आपल्या मंडळाकडे नोंदणी करायची आहे. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिची पिल्लं काढायची नाहीत, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही, दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. शिवाय पिल्लू घेणाऱ्याला त्याचा आहार, लशींच्या आणि जंताच्या औषधाच्या तारखा आणि डॉक्टरांचं नाव-पत्ता द्यायचा आहे. या द्यायच्या माहितीत एका ओळीची भर पडावी, एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे. ती ओळ आई-बापाच्या खुब्यांची.

मी लोणावळ्यात तुंगार्लीला राहते. आमच्याकडे आठ महिन्यांची लॅब्रेडॉर आहे, जाई. गेल्या पावसाळ्यानंतर तिची चाल बदलली. चढावर पळताना ती मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखी उड्या मारत जाते. फरशीवरून उठताना आधी पुढचं अंग उचलते, थोडं थांबते, मग मागचं ओढून घेते. तेवढ्या वेळात मागची नखं फरशीवर घसरतात आणि त्यांचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येतो. एकदा उठली की खेळते, भांडते, चप्पल पळवते. घरात येणारा प्रत्येक जण म्हणतो, अहो, मस्त आहे की पोरगी!

डॉक्टरांनी तिला कुशीवर झोपवलं, गुडघा धरून मांडीचं हाड हलकेच वर दाबलं आणि मग पाय बाहेरच्या अंगाला उघडला. डाव्या बाजूला सांध्यात खट्‌कन काहीतरी जागेवर गेल्याचं त्यांच्या बोटांना जाणवलं. माझा हात तिथे ठेवून त्यांनी तो धक्का मलाही दाखवला. ही तपासणी मुळात माणसांच्या तान्ह्या बाळांसाठीची, ऑर्टोलानी या इटालियन बालरोगतज्ज्ञांनी १९३०च्या दशकात सांगितलेली. पुढे जनावरांच्या डॉक्टरांनी ती कुत्र्यांसाठी उचलली. मग भूल देऊन एक्स-रे काढला. त्यासाठी कुत्र्याला उताणं झोपवतात, मागचे पाय सरळ ताणून समांतर ठेवतात आणि गुडघ्याच्या वाट्या वर येतील असे आत वळवतात. मांडीच्या हाडाचा गोळा निदान अर्धा तरी खुब्याच्या वाटीत झाकलेला दिसायला हवा. जाईच्या उजव्या बाजूला तो तसा दिसतो. डाव्या बाजूला अर्ध्याहून कमी झाकलेला आहे आणि वाटीची कड उथळ आहे.

याला हिप डिस्प्लेसिया म्हणतात. बॉस्टनच्या श्नेल नावाच्या डॉक्टरांनी १९३५ मध्ये कुत्र्यांमधला हा दोष पहिल्यांदा नोंदवला. म्हणजे हा काही काल-परवा सापडलेला आजार नाही. पिल्लू जन्मतं तेव्हा खुबे ठीकच असतात. पुढच्या काही महिन्यांत हाडं भराभर वाढतात, पण सांधा सैल राहतो. गोळा वाटीत घट्ट न बसता कडेवर घासत राहतो, त्यामुळे वाटी खोल होत नाही आणि गोळाही गोल राहत नाही. मग कूर्चा झिजते आणि संधिवात सुरू होतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा अंगाने मोठ्या आणि झपाट्याने वाढणाऱ्या जातींत हे विशेष दिसतं. दोष रक्तातून येतो, पण तो एका जनुकाचा नाही, अनेक जनुकांचा मिळून आहे. म्हणून रक्ताचा थेंब देऊन खात्रीचा निकाल मिळत नाही. आई-बापांचे खुबे बघावे लागतात, आणि शक्य असेल तर त्यांच्या भावंडांचेही.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळ आहे, आणि मला मंडळापुढे तीच मांडायची आहे. साधारण तीन ते पाच महिन्यांच्या वयात ओटीपोटाच्या हाडांचा पुढचा जोड भाजून बंद करण्याची एक लहान शस्त्रक्रिया करता येते. तेवढ्याने वाढीच्या ओघात वाट्या गोळ्यांवर जास्त झाकल्या जातात. त्यानंतर ती वेळ निघून जाते. साधारण दहा महिन्यांपर्यंत, संधिवात सुरू झालेला नसेल तर, ओटीपोटाचं हाड कापून वाटी फिरवून बसवता येते. हे काम बरंच मोठं. त्याहूनही उशीर झाला तर गोळाच काढून टाकणं किंवा माणसासारखा कृत्रिम सांधा बसवणं एवढंच उरतं. नाहीतर जन्मभर औषध, वजन आणि व्यायाम सांभाळायचा. आता गोम अशी की चौथ्या महिन्यात बहुतेक पिल्लं लंगडत नाहीत. ती धावतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पाय ओढायला लागेपर्यंत सोपा उपाय हातातून गेलेला असतो.

म्हणून आई-बापांची माहिती लागते. जाईच्या बापाचे खुबे वाईट आहेत असं कुणी सांगितलं असतं, तर चौथ्या महिन्यातच तिला तपासायला नेलं असतं. सोळा आठवड्यांच्या पिल्लाच्या सांध्याचा सैलपणा मोजायची पद्धत अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झाली आहे आणि ती कधीपासून वापरात आहे. आम्हाला ज्यांनी पिल्लू दिलं त्यांनी लशीचं कार्ड दिलं, आई-बापाचे फोटो दिले, बापाला कुठल्या शोमध्ये कुठला करंडक मिळाला तेही सांगितलं. खुब्यांबद्दल विचारल्यावर म्हणाले, 'आमच्या लाइनमध्ये तसलं काही नाही.' एक्स-रे काढलाय का, असं विचारलं तर फोन बंद झाला.

ही तपासणी जगात कुठेच होत नसती, तर मी हा हट्ट धरला नसता. अमेरिकेत यासाठीची संस्था १९६६ पासून काम करते. दोन वर्षं पूर्ण झालेल्या कुत्र्याचे एक्स-रे तिच्याकडे जातात, ते तीन तज्ज्ञ वेगवेगळे वाचतात आणि उत्कृष्ट ते गंभीर अशी श्रेणी देतात. ब्रिटनमध्ये प्रत्येक खुब्याला शून्य ते ५३ गुण मिळतात. जितके गुण कमी तितका खुबा चांगला, आणि तो आकडा ब्रीडर जाहिरातीत छापतात. जर्मनीत जर्मन शेफर्डच्या क्लबने १९६०च्या दशकातच वंशावळीच्या कागदावर खुब्यांचा शिक्का आणला. या सगळ्याचा उपयोग होतो का, असं विचाराल तर न्यू जर्सीतली 'द सीइंग आय' ही अंधांना वाटाड्या कुत्री देणारी संस्था बघावी. तिने पैदास करताना खुबे बघून निवड केली आणि १९९७ मध्ये निष्कर्ष छापले. पाच पिढ्यांच्या आत त्यांच्या जर्मन शेफर्डमधलं डिस्प्लेसियाचं प्रमाण ५५ टक्क्यांवरून २४ वर आलं, लॅब्रेडॉरमधलं ३० वरून १० वर. नवं औषध किंवा नवी शस्त्रक्रिया काही लागली नाही. कुणाचं कुणाशी जमवायचं हे एक्स-रे बघून ठरवलं, बस्स.

मावळात हा प्रश्न नजरेत भरतो, त्याला कारण आहे. मुंबई-पुण्याची माणसं इथे बंगले बांधतात आणि बंगल्याला साजेसं मोठं कुत्रं आणतात. तुंगार्ली, वाकसई, कार्ला, कामशेत, पवनेच्या काठाचे फार्महाऊस, कुठेही जा, फाटकातून एक लॅब्रेडॉर किंवा शेफर्ड डोकावतोच. या घरांतली जमीन गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सची असते. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत फरशी कोरडी म्हणून राहत नाही, आणि पिल्लू बाहेरही सोडता येत नाही. ते घरातल्या घरात टाइल्सवर आणि जिन्यावर वाढतं. नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या सुमारे ५०० पिल्लांचा मागोवा घेतला गेला आणि २०१२ मध्ये तो अभ्यास छापून आला. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांमध्ये डिस्प्लेसियाचा धोका जास्त निघाला. मऊ जमिनीवर, बागेत, मोकळं फिरू दिलेल्या पिल्लांमध्ये तो कमी होता. मी हे वाचलं तेव्हा आमच्या जिन्याला फाटक बसलं आणि बैठकीच्या खोलीत रबरी चटया आल्या. दिसायला बरं दिसत नाही, पण त्यांच्यावर जाई आता घसरत नाही.

खाण्याचंही असंच. आपल्याकडे गुटगुटीत पिल्लू लवकर विकलं जातं, म्हणून विकणारा ते फुगवून देतो आणि घेणाऱ्याच्या हातात कॅल्शियमच्या सिरपची बाटली ठेवतो. मोठ्या जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियम घातकच ठरतं, हे उत्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं. लहान वयात शरीराला नको असलेलं कॅल्शियम अडवता येत नाही, आणि हाडांची घडण बिघडते. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एका गटाला जन्मभर पाव हिस्सा कमी खायला दिलं. त्या गटात खुब्यांचा संधिवात उशिरा आला, कमी आला, आणि ती कुत्री दुसऱ्या गटापेक्षा सरासरी पावणेदोन वर्षांहून थोडी अधिक जगली. जाईच्या बरगड्या आता हाताला लागतात. शेजारणी म्हणतात, उपाशी ठेवता का हो तिला? ठेवत नाही, पण भरवतही नाही.

पण फरशी, जिना, खाणं हे सगळं पिल्लू घरी आल्यावरचं. रक्तात जे आलं ते त्याने पुसलं जात नाही. तिथे काही करू शकतो तो ब्रीडर, आणि ब्रीडरला काही करायला लावू शकतं ते आपलं मंडळ.

लॅब्रेडॉर हौसेसाठीच पाळतात असंही नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी आमच्याच तालुक्यात, सुदुंबऱ्याला आहे. ढिगाऱ्याखालचा माणूस हुंगून काढणारी कुत्री या दलाकडे असतात. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या घाटाखाली इर्शाळवाडीवर दरड आली. अशा चिखलात आणि दगडांत मागच्या पायांवर तोल धरून उभं राहायचं, वर चढायचं, हे काम ज्या जातीकडून आपण करून घेतो तिचे खुबे सगळ्या राज्याच्या कामाचे आहेत.

कुणी म्हणेल, मग परदेशी जाती हव्यात कशाला, आपली कारवानी का नाही? प्रश्न रास्त आहे. लांब पायांच्या, सडपातळ शिकारी कुत्र्यांमध्ये हा दोष फारच क्वचित आढळतो, आणि मराठवाडा-सोलापूरकडची कारवानी, पश्मी त्याच बांध्याची. मला स्वतःला पुढचं कुत्रं त्यांच्यातलंच हवं आहे. पण आज हजारो घरांत लॅब्रेडॉर आहेत आणि उद्याही येणार आहेत. त्यांना वाऱ्यावर सोडता येत नाही.

ब्रीडर दोन हरकती घेतील. पहिली खर्चाची. आयुष्यात एकदा, एका कुत्र्याचा एक एक्स-रे. एका वेतातल्या एका पिल्लाच्या किमतीपुढे हा खर्च किती? घेणाऱ्यावर पुढे शस्त्रक्रियेचा जो भार पडतो, तो याच्या कितीतरी पट असतो, आणि तो पेलला नाही म्हणून सोडून दिलेली, गळ्यावर पट्ट्याचा व्रण असलेली मोठी कुत्री जुन्या हायवेच्या कडेला आम्ही बघतो. दुसरी हरकत अशी, की आई-बाप चांगले असूनही पिल्लू बिघडू शकतं. हे खरं आहे. कागद म्हणजे हमी नाही, आणि मी हमी मागतही नाही. धोका जास्त की कमी, एवढं घेणाऱ्याला आधी कळावं आणि वेळेत डॉक्टरांकडे जाता यावं.

केंद्राचे नियम बदलणं मंडळाच्या हातात नाही, पण नोंदणीचा अर्ज आणि तपासणी मंडळाच्या हातात आहे. मोठ्या जातीच्या ब्रीडरची नोंदणी किंवा नूतनीकरण करताना पैदाशीच्या नर-मादीचा मायक्रोचिप क्रमांक घातलेला खुब्यांचा एक्स-रे मागवावा. चिप क्रमांक फिल्मवरच हवा, नाहीतर एकाच चांगल्या कुत्र्याची फिल्म दहा जणांच्या नावावर फिरेल. फिल्म वाचायला माणसं आपल्याकडेच आहेत. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, पुण्याच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांना शिरवळचं महाविद्यालय जवळ पडतं, आणि दोन्ही एकाच विद्यापीठाखाली येतात. तिथल्या शल्यचिकित्सा विभागांनी ठरावीक शुल्क घेऊन श्रेणी द्यावी आणि ती पिल्लाच्या कागदांवर, लशींच्या तारखांच्या शेजारी यावी. आणि सुरुवात कुठून तरी करायचीच असेल, तर लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड या दोनच जातींपासून करावी. तेवढ्यानेही मोठा पल्ला गाठला जाईल.

जाईचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. हाड कापायची शस्त्रक्रिया करायची की स्नायू बळकट करून वाट बघायची, यावर दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत, आणि दहावा महिना जवळ येतो आहे. तिची पिल्लं काढायची नाहीत, हे मात्र पक्कं आहे. मंडळाच्या एखाद्या बैठकीत पिल्लू घेणाऱ्यांचं म्हणणं ऐकायचं ठरलं, तर मला जरूर बोलवावं. तिची फिल्म घेऊन मी येईन.

कळावे.

आपली,
तुंगार्ली, लोणावळा येथील एक रहिवासी