बोंडअळी व पदवीनंतरचें शिक्षण

कापूस पिकविणारे आमचे एक शेजारी गेल्या महिन्यांत आमच्याकडे आले ते तक्रार घेऊनच. त्यांची कन्या कृषिविषयाची पदवीधर झाली असून, पुढें कीटकशास्त्र, आनुवंशशास्त्र व गणित यांचा मेळ असलेलें संशोधनाचें शिक्षण घ्यावें असा तिचा हट्ट आहे. “भाऊसाहेब, हें म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या!” असें ते म्हणाले. आमचें शिक्षण मराठी सातवीपर्यंतचें व हयात महसुली कारकुनींत गेलेली. शास्त्रांविषयीं अधिकारानें बोलण्याची आमची योग्यता नाहीं. तथापि या प्रश्नाचा संबंध थेट आपल्या शेताशीं येतो, म्हणून लिहितों.

गुलाबी बोंडअळीचेंच पाहा. बीटी कपाशीस आपल्या देशांत २००२ सालीं परवानगी मिळाली व २००६ सालीं दोन जनुकांचें वाण आलें. तरीही २०१७ सालीं विदर्भांत व मराठवाड्यांत या अळीनें काय केलें तें वाचकांस सांगावयास नको. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणें मिळत असे. तें कडेनें पेरावयाचें होतें. त्यावर वाढलेल्या साध्या पतंगांचा, विष पचविणाऱ्या पतंगांशीं संयोग झाला म्हणजे पुढील पिढी पुन्हां विषास बळी पडते, असा त्यांतील हिशेब. आपल्यापैकीं पुष्कळांनीं तें पाकीट फेंकून दिलें, आम्हींही दिलें. पतंगांच्या सोयरिकीचा हा हिशेब बांधावर येऊन कोणीं समजावून दिला नव्हता, हेंही खरें.

अमेरिकेंत ही अळी १९१७ सालीं आढळली, व २०१८ सालीं तेथील कापसाचा मुलूख तिच्यापासून मुक्त झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. ॲरिझोना प्रांतांत प्रथम बिगर-बीटी कपाशीचे पट्टे राखले गेले. २००६ पासून वांझ केलेले पतंग विमानांतून अब्जावधींच्या संख्येनें सोडण्यांत आले. खर्चाचा मोठा भाग कापूस उत्पादकांनींच सोसला. हें काम एकट्या कीटकशास्त्रज्ञाच्या हातचें नव्हतें. अळीच्या अंगीं प्रतिकार कोणत्या जनुकामुळें येतो हें एकानें पाहावयाचें, किती पतंग सोडले असतां वंश खुंटेल याचें गणित दुसऱ्यानें संगणकावर मांडावयाचें. आणि या दोघांची भाषा जाणणारा कोणी नसेल तर सर्व व्यर्थ. टक्सन येथील ॲरिझोना विद्यापीठांत कीटकशास्त्राची उच्च पदवीच अशी योजिली आहे कीं, तिचे अध्यापक निरनिराळ्या विभागांतून येतात.

सातबाऱ्यांत नमुना सात हक्काचा व नमुना बारा पिकांचा. एकच वाचणाऱ्यास जमिनीची अर्धी हकीकत कळते. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषिविद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्यास मुख्य विषयासोबत गौण विषयही घ्यावा लागतो. पण तो सोपा पाहून निवडण्याकडे आमच्या मुलांचा कल फार. कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यानें संख्याशास्त्र मनापासून घेतलें तर कांहीं काम घरच्याघरींच होईल. त्यापुढें पुण्याची आयसर संस्था व बंगळुरूचें एन्. सी. बी. एस्. हें जीवशास्त्राचें केंद्र येथें पदवीनंतर थेट एकत्रित पीएच्. डी.चा मार्ग आहे. बंगळुरूस विद्यार्थी आरंभीं एकाहून अधिक प्रयोगशाळांत थोडे थोडे दिवस काम करतो व मगच मार्गदर्शक ठरवितो. ही रीत आम्हांस फार पसंत पडली. स्थळ पाहिल्यावांचून लग्न ठरवूं नये.

एक सावधगिरी मात्र कारकुनाच्या नजरेनें सांगतों. कृषि-संशोधन सेवेच्या भरतींत पदव्युत्तर पदवी त्या त्या विषयाचीच मागतात. मिश्र नांवाची पदवी घेऊन मुलगी दारांत उभी राहिली तर टेबलामागील कारकून ज्ञान पाहणार नाहीं, प्रमाणपत्रावरील शब्द पाहील. त्याच्या जागीं आम्हीं तेंच केलें असतें. म्हणून जाहिराती आधीं वाचाव्यात, आणि हे नियम सैल करावेत असा ठराव आपल्या संस्थेनें अवश्य करावा. निर्वाहाची चिंता तितकी नाहीं. राष्ट्रीय परीक्षेंतून निवड झालेल्या कनिष्ठ संशोधकास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळूं लागले आहेत.

शेजाऱ्यांनीं सर्व ऐकून घेतलें व “पांच-सहा वर्षांनीं तिचें वय काय होईल?” एवढेंच विचारलें. आम्हीं त्यांस म्हटलें, २०१७ पासून आजवर अळीच्या फवारणीवर आपला किती पैसा गेला तो एकदां मांडून पाहा. ते वही आणतों म्हणून घरीं गेले आहेत.